मिरची औषध कधी झाली?

'छातीत कळ आली की चमचाभर लाल तिखट पाण्यात ढवळून पाजा, झटका जागच्या जागी थांबतो.' हा निरोप तुमच्याही घरच्या ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. त्याला कसलाही आधार नाही, हे आधीच सांगून टाकतो. छातीत दुखणाऱ्या माणसाला तिखट पाजण्यात जाणारा वेळ रुग्णवाहिका बोलावण्यात घालवावा. पण असे निरोप अगदीच हवेतून पडत नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या परिषदेत अमेरिका, इटली, चीन आणि इराणमधल्या चार मोठ्या अभ्यासांची गोळाबेरीज मांडली गेली. माणसं होती सुमारे ५ लाख ७० हजार. मिरची खाणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू, मिरची न खाणाऱ्यांच्या किंवा क्वचित खाणाऱ्यांच्या तुलनेत २६ टक्के कमी दिसले. मग मथळे काय आले असतील, ते सांगायला नको. त्या मथळ्यांच्या मागे पाचशे वर्षांची गोष्ट आहे, आणि तिची सुरुवात आपल्याकडे होत नाही.

आपल्याकडे मुळात मिरची नव्हतीच. चरक आणि सुश्रुत संहितांत कटू म्हणजे तिखट रस आहे, सुंठ-मिरे-पिंपळीचा त्रिकटू आहे, पण मिरची नाही. तिचं नावसुद्धा मिऱ्यावरून घेतलेलं. नंतरच्या निघंटूंनी, म्हणजे आयुर्वेदाच्या औषधकोशांनी, तिला 'कटुवीरा' असं भारदस्त संस्कृत नाव देऊन घरात घेतलं खरं, पण गंमत अशी की स्वयंपाकघरात मिऱ्याची जागा बळकावणाऱ्या मिरचीला आजीबाईच्या बटव्यात मात्र शिरता आलं नाही. सर्दी झाली की काढ्यात आजही मिरेच पडतात. उलट आजारपणात पहिलं पथ्य मिरचीचं. तिकडे तिच्या मूळ मुलखात गोष्ट अगदी वेगळी होती.

मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेत मिरची हजारो वर्षं पिकते आहे. इक्वेडोरमधल्या उत्खननात भांड्यांवर आणि वाटण्याच्या दगडांवर मिरचीच्या पिठूळ कणांचे अवशेष सापडले, ते सुमारे ६,१०० वर्षांपूर्वीचे. म्हणजे पाट्यावर मिरची वाटणं ही आपली मिरासदारी नव्हे. १५ जानेवारी १४९३ रोजी, कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पानिओला बेटावर असताना, कोलंबसने रोजनिशीत 'आही' नावाच्या मसाल्याची नोंद केली: ही यांची मिरी, आपल्या मिऱ्यापेक्षा मोलाची, आणि इथले लोक तिच्याशिवाय जेवत नाहीत, कारण ती त्यांना प्रकृतीला फार चांगली वाटते. दरवर्षी पन्नास जहाजं भरतील एवढी मिळेल, हेही त्याने लगेच पुढे लिहिलं. मिरचीचा गुण आणि मिरचीचा धंदा युरोपच्या कागदावर आले ते असे एकाच दिवशी, एकाच नोंदीत.

मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांकडे मिरची जेवणात होती, औषधात होती आणि शिक्षेतही होती. स्पॅनिश अमलात तयार झालेल्या कोडेक्स मेंडोझा या चित्रपोथीत एक बाप आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला जळत्या मिरच्यांच्या धुरावर धरतो आहे. 'मिरच्यांची धुरी' हा शब्दप्रयोग ज्यांच्या कानावर आहे, त्यांना ते चित्र समजायला टीप लागणार नाही.

युरोपात वैद्यांनी तिला लगेच जवळ केलं. सेव्हिलचे वैद्य निकोलास मोनार्देस यांनी सोळाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या वनस्पतींवर लिहिताना मिरचीबद्दल सांगितलं की ती वात मोडते, छातीला बरी, थंड प्रकृतीच्या माणसाला मानवते. यात प्रयोग नव्हता. शीत-उष्णाची जुनी चौकट होती, त्यात मिरची 'उष्ण' खणात गेली. आपल्याकडे 'मिरची उष्ण पडते' म्हणतात तेव्हा विचाराची जातकुळी तीच असते, फक्त निष्कर्ष उलटा. त्यातच तिच्या गावाचाही घोळ झाला. जर्मन वनस्पतिज्ञ लेओनहार्ट फुक्स यांनी १५४२ मध्ये तिला 'कालिकतची मिरी' म्हटलं, जणू ती मलबारातून आली होती. प्रवास उलट्या दिशेने झाला होता. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर मिरची या किनाऱ्याला लागली. मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणत, ही पुढे इंग्रजी अमदानीत झालेली नोंद तिच्या वाटेचा माग सांगते.

यानंतरची तीनशे वर्षं मिरचीच्या गुणांबद्दल खूप बोललं गेलं आणि फारसं काही कळलं नाही. कळायला लागलं ते एकोणिसाव्या शतकात. १८१६ मध्ये बुखोल्झ यांनी मिरचीतला तिखट अर्क अशुद्ध रूपात वेगळा केला, १८७६ मध्ये जॉन थ्रेश यांनी त्याला 'कॅप्सायसिन' हे नाव दिलं. आणि मग सूत्रं हंगेरीकडे गेली. तुर्कांच्या हातून मिरची मिळालेला हा देश तिच्यावर आपल्याइतकाच जीव टाकतो. तिकडे तिला पाप्रिका म्हणतात.

१८७८ मध्ये एन्द्रे होग्येश यांनी दाखवलं की मिरचीचा अर्क अंतस्त्वचेला लागला की आग होते आणि जठरातला पाझर वाढतो. पन्नासएक वर्षांनी सेगेड शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी एका वेगळ्याच पेचात अडकले होते. स्कर्व्ही हा हिरड्यांचा रोग रोखणारं द्रव्य, म्हणजेच क जीवनसत्त्व, त्यांना सापडलं होतं, पण पुरेशा प्रमाणात मिळत नव्हतं. त्यांनीच सांगितलेली आठवण अशी: एका रात्री बायकोने जेवायला पाप्रिका वाढली. खायची इच्छा नव्हती, तोंडावर नाही म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून ते ती उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं की हा क जीवनसत्त्वाचा खजिनाच आहे. थोड्याच आठवड्यांत किलोच्या हिशेबात शुद्ध द्रव्य हाती आलं, आणि १९३७ मध्ये नोबेल. नावडती भाजी टाळायचं याहून फलदायी निमित्त माझ्या तरी ऐकिवात नाही.

मिरचीच्या आरोग्यगुणांतला सगळ्यांत बिनवादाचा गुण आजही हाच. हिरव्या मिरचीत वजनाच्या मानाने संत्र्यापेक्षा जास्त क जीवनसत्त्व असतं. प्रश्न वजनाचाच आहे, कारण संत्रं अख्खं खाता येतं आणि शंभर ग्रॅम मिरच्या कोणी खात नाही. वाळवल्यावर त्यातलं बरंचसं निघून जातं, त्यामुळे लाल तिखटाला हे श्रेय देता येत नाही. तरी ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर कच्ची हिरवी मिरची चावणाऱ्याला एक छोटा लाभ मिळतो: धान्यातलं लोह शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. शेतावर भाकरी-मिरची-कांदा खाणाऱ्यांनी हे गणित मांडलं नव्हतं. परवडत होतं ते खाल्लं.

त्याच सेगेडमधल्या मिक्लोश यांचो यांनी १९४० च्या दशकात एक विचित्र गोष्ट पाहिली. प्राण्यांना कॅप्सायसिन वारंवार दिलं की आधी आग होते, पण पुढे त्यांना झोंबणाऱ्या इतर रसायनांची वेदनाही जाणवेनाशी होते. मिरची वेदना देते आणि वेदना बधिरही करते. हे असं का, ते कळायला १९९७ उजाडलं. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने कॅप्सायसिनला प्रतिसाद देणारा ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे मज्जातंतूवरचा संवेदना टिपणारा रेणू, शोधून काढला, त्याचं नाव पुढे टीआरपीव्ही-१ झालं. हा ग्राहक ४३ अंश सेल्सियसच्या आसपासच्या उष्णतेनेही उघडतो. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर 'तोंड भाजलं' म्हणतो, तेव्हा मज्जातंतू मेंदूला खरोखर भाजल्याचाच निरोप धाडत असतात, जीभ मात्र भाजलेली नसते. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल ज्युलियस आणि स्पर्शाच्या ग्राहकांवर काम करणारे आर्डेम पॅटापुटियन यांना विभागून मिळालं.

मिरचीचा तिखटपणा मोजायचं स्कोव्हिल एककसुद्धा मुळात औषधाच्या दुकानदारीतून आलं. विल्बर स्कोव्हिल हे अमेरिकेतल्या औषध कंपनीत काम करणारे औषधशास्त्रज्ञ होते. चोळायच्या मलमात घालायच्या अर्काचा जोर ठरवता यावा, म्हणून त्यांनी १९१२ मध्ये ही पद्धत काढली: साखरेच्या पाण्यात अर्क पातळ करत जायचा आणि कितव्या पातळीला जिभेला झोंबणं थांबतं ते बघायचं. आज त्याच आकड्यांवर पोरं मिरच्या खाण्याच्या पैजा लावतात.

आता पोटाकडे येऊ, कारण आपल्याकडे मिरचीवरचा खटला पोटातच चालतो. 'अल्सर झालाय, तिखट बंद' हे वाक्य एका अख्ख्या पिढीने ऐकलं. १९८४ मध्ये दिल्लीतल्या डॉक्टरांनी ते तपासून पाहिलं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असलेले ५० रुग्ण घेतले, सर्वांना आम्ल शमवणारं औषध दिलं, आणि निम्म्यांच्या जेवणात रोज ३ ग्रॅम लाल तिखट घातलं. चार आठवड्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तर दोन्ही गटांत ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे अल्सर भरले होते. तिखटाने काही बिघडलं नव्हतं. हा छोटासा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. याच सुमारास ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन हे, अल्सरचा मुख्य गुन्हेगार हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आहे, असं सांगत होते. लोकांना पटेना, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये ते जिवाणू स्वतःच पिऊन दाखवले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं आणि मिरची त्या आरोपातून सुटली.

सगळ्या आरोपांतून मात्र नाही. ज्यांना आम्ल वर येण्याचा त्रास आहे त्यांची जळजळ तिखटाने वाढू शकते, चिडक्या आतड्याच्या (आयबीएसच्या) रुग्णांनाही ते अनेकदा सोसत नाही. आणि सावजी रश्श्याच्या गावातून, नागपूरहून, २००७ मध्ये एका शल्यविशारदाचा अभ्यास आला: गुदद्वाराच्या फिशरची, म्हणजे तिथल्या चिरेची, शस्त्रक्रिया झालेल्यांना तिखट दिलं, तर दुखणं आणि आग वाढते. यासाठी अभ्यास कशाला हवा, असं नागपूरकर म्हणेल. पण अल्सरच्या बाबतीतही सगळ्यांना आधीपासून सगळं 'माहीतच' होतं.

मग हृदयाचं काय? इथे गेल्या दहा-बारा वर्षांचे मोठे आकडे येतात. चीनमध्ये ४ लाख ८७ हजार लोकांवर सरासरी सात वर्षं लक्ष ठेवलेला अभ्यास २०१५ मध्ये आला. आठवड्यातून सहा-सात दिवस तिखट खाणाऱ्यांत मृत्यूचा धोका, आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा १४ टक्के कमी होता. अमेरिकेतल्या १६,१७९ जणांच्या माहितीवरून २०१७ मध्ये १३ टक्के असा आकडा निघाला. इटलीच्या मोलिसे भागातल्या २२,८११ लोकांत, आठवड्यात चारपेक्षा जास्त वेळा मिरची खाणाऱ्यांसाठी तो २३ टक्के होता. तीन देश, तीन वेगवेगळ्या थाळ्या, आणि कल एकच, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

पण या तिन्हींत कोणाला मिरची देऊन पाहिलेली नाही. लोक काय खातात ते विचारलं आणि पुढे कोण गेलं ते मोजलं, एवढंच. ज्याचं पोट आधीच बिघडलेलं आहे, जो आजारी आहे, तो तिखट सोडतो. मग तिखट न खाणाऱ्यांच्या गटात आजारी माणसं जास्त दिसणारच. हिशेब करताना हे वजा करायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण वजा होत नाही. शिवाय २०१९ मध्ये चीनमधूनच, पंचावन्न वर्षांवरच्या ४,५८२ लोकांच्या अभ्यासातून उलटा सूर आला: रोज ५० ग्रॅमपेक्षा जास्त मिरची खाणाऱ्यांत स्मरणशक्ती घसरण्याचा धोका जवळपास दुप्पट. तोही निरीक्षणाचाच अभ्यास. म्हणजे १४ टक्क्यांवर विश्वास ठेवायचा तर यालाही कान द्यावा लागतो. वजन उतरवण्याच्या दाव्याबद्दल एवढंच सांगतो की कॅप्सायसिनमुळे दिवसाला साधारण ५० कॅलरी जास्त जळतात, म्हणजे जेमतेम अर्धी पोळी.

एक मुद्दा मला यात जास्त उपयोगी वाटतो. २०१७ च्या एका चिनी अभ्यासात ज्यांना तिखट आवडतं ते मीठ कमी खातात आणि त्यांचा रक्तदाबही कमी असतो, असं आढळलं. तिखटाने खारटपणा जास्त जाणवतो, असं त्याचं स्पष्टीकरण. आपल्या ठेच्यात, लोणच्यात आणि सांडगी मिरचीत मीठ किती जातं हे माहीत असल्यामुळे हा निष्कर्ष इथे जसाच्या तसा लागू करायला मी धजणार नाही. आणि तिखटाच्या पुडीत नेमकं काय आहे हाही प्रश्न उरतोच. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या लाल तिखटात सुदान नावाचा, खाण्यात बंदी असलेला रंग सापडला होता. ओलसर साठवलेल्या मिरचीवर बुरशी धरते, तिचं विष वेगळंच.

मिरची खरोखरीचं औषध झाली ती ताटात नव्हे, कातडीवर. नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने उरणारी आग, आणि मधुमेहात पायांची होणारी जळजळ यांवर ८ टक्के कॅप्सायसिनची पट्टी वापरली जाते. अमेरिकेत तिला नागिणीनंतरच्या वेदनेसाठी २००९ मध्ये आणि मधुमेहींच्या पायांसाठी २०२० मध्ये परवानगी मिळाली. यांचोंनी प्राण्यांत पाहिलं तेच इथे माणसावर केलं जातं. आधी आग, मग बधिरता. पट्टी पायावर अर्धा तास, इतर ठिकाणी तासभर ठेवतात, आणि एकदा लावली की परिणाम तीन महिने टिकू शकतो. ती दवाखान्यातच लावावी लागते. लावणारी परिचारिका नायट्राइलचे हातमोजे घालते, कारण नेहमीच्या लेटेक्सच्या मोज्यांतून कॅप्सायसिन आत झिरपतं. वर्षाचा मसाला कुटून झाल्यावर हात नुसत्या पाण्याने धुऊन भागत नाही, आधी तेल चोळावं लागतं, हे घराघरातल्या बायकांना ठाऊक असतं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं.