नोकरीची बातमी कुठल्या वाटेने येते?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा नाशिकला मेकॅनिकल इंजिनियर झाला. जुलैत निकाल लागला, फर्स्ट क्लास मिळाला आणि तेव्हापासून तो घरीच होता. गणपतीत भेटायला गेलो तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “मामा, आपली कुठे ओळखच नाही. ओळखीशिवाय काही होत नाही.”

मी त्याचा मोबाइल मागून घेतला. सातपूरच्या एका कारखान्यात वॉक-इन इंटरव्ह्यू असल्याचा निरोप त्याला त्या आठवड्यात सहा वेळा आला होता. वर्गाच्या ग्रुपवर, हॉस्टेलच्या ग्रुपवर, क्रिकेटच्या ग्रुपवर आणि शिवाय तीन मित्रांकडून वेगवेगळा. निरोप सहा होते, बातमी एकच. तीही अख्ख्या वर्गाला एकाच दिवशी कळलेली.

ओळख लागते, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. पण ओळख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वशिला येतो, शब्द टाकणारा कुणीतरी मोठा माणूस येतो. संशोधनातून दिसणारं चित्र वेगळं आहे, आणि ज्याचा कुणी काका साहेब नाही अशा मुलामुलींना ते कळायलाच हवं.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर हे हार्वर्डमध्ये पीएचडी करत असताना बॉस्टनजवळच्या न्यूटन या गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना भेटत होते. नोकरीची खबर कुठून लागली, हा त्यांचा प्रश्न होता. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना ती कुणा माणसाकडून कळली होती. “म्हणजे मित्राकडून?” असं विचारलं की लोक दुरुस्ती करत, मित्र नव्हे, नुसता ओळखीचा. मग ग्रॅनोव्हेटरनी विचारायला सुरुवात केली, की त्या काळात त्या माणसाची गाठ किती वेळा पडायची? ज्या ५४ जणांची उत्तरं त्यांनी मांडली, त्यांत आठवड्यातून दोनदा किंवा जास्त भेटणाऱ्याकडून खबर लागलेले जेमतेम १७ टक्के होते. अधूनमधून भेटणाऱ्याकडून लागलेले सुमारे ५६ टक्के, आणि वर्षातून एखादे वेळी किंवा त्याहून कमी भेटणाऱ्याकडून लागलेले २८ टक्के. ज्यांना आपली सर्वांत जास्त काळजी, त्यांच्याकडून सर्वांत कमी! हे मांडणारा ग्रॅनोव्हेटरांचा लेख एका नियतकालिकाने १९६९मध्ये नाकारला. तो छापून आला १९७३मध्ये, आणि समाजशास्त्रात आजही त्याचा सतत आधार घेतला जातो.

असं का होतं, याची ग्रॅनोव्हेटरनी दिलेली उपपत्ती मला फार आवडते. ती भूमितीतल्या सिद्धतेसारखी आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचलीत तर जास्त मजा येईल.

माणसं म्हणजे ठिपके आणि ओळख म्हणजे दोन ठिपक्यांमधला धागा समजा. धागे दोन प्रकारचे. रोजच्या उठण्याबसण्यातला तो घट्ट, नुसत्या तोंडओळखीचा तो सैल. आता एकच गोष्ट गृहीत धरायची. अ चा धागा ब शी घट्ट आहे आणि क शीही घट्ट आहे, तर ब आणि क यांची निदान तोंडओळख असणारच. हे अनुभवाला धरून आहे. तुमचे दोन जिवलग मित्र तुमच्या घरी, टपरीवर, वाढदिवसाला कधी ना कधी एकमेकांना भेटतातच. त्रिकोणाची तिसरी बाजू आपोआप भरली जाते.

आता ‘पूल’ म्हणजे काय ते पाहू. माणसांचे दोन घोळके आहेत आणि त्यांना जोडणारा एकच धागा आहे. तो तोडला तर एका घोळक्यातली बातमी दुसऱ्यात जाऊच शकणार नाही. असा धागा म्हणजे पूल. समजा अ-ब हा पूल आहे आणि तो घट्टही आहे. अ ला आणखी एखादा जिवलग असणारच, त्याला क म्हणू. अ-ब घट्ट, अ-क घट्ट, म्हणून ब-क धागा असायलाच हवा. पण तो असेल तर बातमी अ कडून क कडे आणि क कडून ब कडे अशी जाऊ शकते. मग अ-ब हा एकमेव रस्ता उरला नाही, म्हणजे तो पूल नव्हताच. आपण धरलेलं आपल्यालाच खोटं ठरवावं लागलं. निष्कर्ष असा, की पूल असेल तर तो सैल धाग्याचाच असतो.

प्रत्यक्षात दोन घोळक्यांमध्ये अगदी एकच धागा असं क्वचितच घडतं. लांबचा दुसरा रस्ता बहुधा असतो. पण पाच-सहा तोंडांतून फिरून येईपर्यंत रिकामी जागा भरलेली असते, म्हणून व्यवहारात निष्कर्ष तोच राहतो. त्या सहा निरोपांचं कोडंही इथेच सुटतं. भाच्याचे सगळे मित्र एकमेकांचेही मित्र आहेत, त्यामुळे एकाला ठाऊक असलेलं सगळ्यांना ठाऊक असतं. ते त्याच्यासाठी जीव टाकतील, पण त्याला माहीत नसलेली गोष्ट त्यांच्यापाशी नाही.

यावर एक रास्त शंका आहे. भरपूर तोंडओळखी असणारी माणसं मुळातच बोलकी असतील, आणि नोकरी बोलकेपणामुळे मिळत असेल तर? याचं उत्तर प्रयोगानेच मिळू शकतं. ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ अशी नावं लिंक्डइन ही नोकरी-व्यवसायातल्या ओळखींची वेबसाइट सुचवते. २०१५ ते २०१९ या काळात या सूचनांमध्ये वेगवेगळ्या लोकांसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे फेरफार केले गेले, काहींना जवळची नावं जास्त दिसली, काहींना लांबची. तब्बल २ कोटी लोक, २ अब्ज नव्या ओळखी आणि ६ लाख नव्या नोकऱ्या यांचा हिशेब २०२२मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला. सैल धागे नोकरी बदलायला खरोखर मदत करतात, हे त्यात दिसलं. मात्र अगदी अनोळखी माणसाचा उपयोग नाही आणि गळ्यातल्या ताइताचाही नाही. सामाईक ओळखीचे साधारण दहा जण असेपर्यंत फायदा वाढत गेला, पुढे उतरत गेला. संगणकाशी जास्त जोडलेल्या उद्योगांत सैल धागे अधिक कामी आले, तर इतर उद्योगांत घट्ट धागे. तेव्हा रात्रभर बसून तीनशे परक्या माणसांना विनंती पाठवल्याने काही साधणार नाही.

आणि वशिला? तोही खरा आहे, पण त्याची जात वेगळी. चीनमधल्या त्यानजिनमध्ये १९८८मध्ये लोकांची पाहणी झाली. तिथे नोकऱ्या सरकार वाटायचं. साहेबाचं मन वळवायला घट्ट नातीच लागत, असं समाजशास्त्रज्ञ यान्जी बियान यांना आढळलं. सैल धाग्यावरून बातमी येते, वजन घट्ट धाग्यावरून पडतं. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, ओळखीने भरती व्हायची, गावकीच्या खोलीत राहणारा चुलता पुतण्याला आत लावायचा. त्या आधारावर हजारो घरं उभी राहिली, त्याचं मोल कमी नाही. पण घट्ट धागा बांधूनही ठेवतो. मुन्शी आणि रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरच्या शाळांमधल्या वीस वर्षांच्या तुकड्या तपासल्या. इंग्रजी माध्यमाचा फायदा वाढत असतानाही कामगार जातींमधले मुलगे मराठी माध्यमात आणि वडिलांच्या धंद्याच्या वाटेवर जास्त राहिले. मुलींना ओढून धरणारं असं जाळं नव्हतं, त्या इंग्रजी माध्यमाकडे लवकर वळल्या.

भाच्याची आत्या त्याला नावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवायला सांगत होती, अंकशास्त्राप्रमाणे. मी हात जोडून सांगितलं, हे करू नका. नोकरीचा त्या अक्षराशी काही संबंध नाही, उलट नुकसान पक्कं आहे. बायोडेटावर एक नाव आणि गुणपत्रिकेवर, पॅनकार्डावर दुसरं असलं की कागदपत्रांच्या पडताळणीत उमेदवार अडकतो.

त्याऐवजी आम्ही एक वही घेतली. वर्षभरात ज्यांच्याशी दोन शब्दसुद्धा बोलला नाही, पण ज्यांना त्याचा चेहरा आठवेल, अशांची नावं लिहायची. दोन वर्षं पुढचे सीनियर, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर, इंटर्नशिपमधले सुपरवायझर, बाहाच्या, म्हणजे कॉलेजच्या टीमनी स्वतः बनवलेल्या गाड्यांच्या, स्पर्धेत दुसऱ्या कॉलेजच्या टीममध्ये भेटलेली मुलं. ३१ नावं झाली. निरोप काय पाठवायचा यावर मात्र वाद झाला. त्याने लिहिलं होतं, “सर, काही असेल तर बघा.” असं वाक्य वाचून समोरचा काय करणार? काय बघायचं हेच त्याला कळत नाही, आणि नोकरी मागितली की नाही म्हणायचा संकोच होऊन तो गप्प बसतो. माहिती मागितली तर दोन मिनिटांत देता येते. शेवटी निरोप असा झाला: “सर, मी बाहाच्या टीममध्ये सस्पेन्शनवर होतो. सॉलिडवर्क्स येतं, जिग-फिक्श्चरचं काम शिकायचं आहे. चाकणला अशी कामं करणाऱ्या लहान कंपन्या कोणत्या, एवढं सांगाल का?” (सॉलिडवर्क्स म्हणजे संगणकावर यंत्रांचे भाग रेखाटायचं सॉफ्टवेअर, जिग-फिक्श्चर म्हणजे काम चालू असताना सुटा भाग पक्का धरून ठेवणारी साधनं.) प्रत्येकाला नावानिशी आणि कुठे भेटलो होतो त्याची आठवण देऊन, रोज चार.

निम्म्याहून जास्त जणांनी उत्तर दिलं नाही. पाच-सहा जणांनी कंपन्यांची नावं दिली. दुसऱ्या कॉलेजच्या टीमच्या एका कप्तानाने थेट फोनच केला. स्पर्धेत भाच्याने त्याला एकदा स्पॅनर दिला होता, एवढीच ओळख. त्याच्या कंपनीला फिक्श्चर पुरवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइनला माणूस हवा होता. जाहिरात नव्हती, मालक तोंडी विचारत होते. दिवाळीच्या आधी भाचा तिथे रुजू झाला.

दोन महिन्यांनी मालकांनी त्याला विचारलं, तुमच्या बॅचचं आणखी कुणी आहे का? त्याने वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला. संध्याकाळपर्यंत तोच निरोप तीन मित्रांकडून त्याच्याकडे परत आला.