झिरो माइलचा नंदी: ॲनिमेशनमागच्या गणिताची पार्श्वभूमी

तान्ह्या पोळ्याला नागपुरात पोरं चाकांचे लाकडी नंदी ओढत बोजारा (घरोघरी मिळणारा खाऊ-पैसा) मागायला निघतात. असाच एक नंदी संगणकावर चालवायचा आहे असं समजा. झिरो माइलचा खांब हा आरंभबिंदू, आणि नंदी तिथंच पूर्वेकडे तोंड करून उभा. त्याला डावीकडे ९० अंश वळवून मग पूर्वेला ३ पावलं सरकवला, तर तो (३, ०) वर, म्हणजे पूर्वेला ३ आणि उत्तरेला ० पावलांवर, जातो. आधी सरकवून मग खांबाभोवती तेवढाच फिरवला, तर (०, ३) वर. तोंड दोन्ही वेळा उत्तरेलाच, जागा मात्र वेगळी. मुलांना ॲनिमेशन शिकवताना मी इथूनच सुरुवात करते. नंदीचं चाक आसाभोवती फिरायचं सोडून नंदीभोवतीच घिरट्या घालू लागलं, की बहुतेक वेळा हा क्रमच उलटा झालेला असतो.

जागा आकड्यांत मांडणारी निर्देशक भूमिती १६३७ मध्ये देकार्तने छापली. मॅट्रिक्सचं, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या आकड्यांच्या चौकटीचं, बीजगणित केलीने १८५८ मध्ये नीट मांडलं, आणि त्यात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. नंदीचंही तेच झालं होतं. पण एक अडचण उरत होती. फिरवणं आणि लहानमोठं करणं गुणाकाराने जमतं, सरकवणं जमत नाही. शून्याला कशानेही गुणा, शून्यच. म्हणजे झिरो माइलवरचा नंदी जन्मभर तिथंच! यावरची तोड मोबियसच्या १८२७ च्या लेखनात होती: प्रत्येक बिंदूला एक जादा आकडा जोडायचा. तो आकडा १ ठेवला की त्याला धरून सरकवणंही गुणाकारात बसतं. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती गणितात मला क्वचितच दिसली आहे.

ही युक्ती कामाला लागायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. १९६३ मध्ये एमआयटीत सदरलँडने पडद्यावर रेघा काढून त्या हलवून दाखवल्या. त्याच दशकात तिथल्याच रॉबर्ट्सने मोबियसचा जादा आकडा संगणकचित्रांत आणला. तेव्हापासून त्रिमितीतली हालचाल ४×४ च्या मॅट्रिक्समध्ये, १६ आकड्यांत, मावू लागली. १९७२ मध्ये युटा विद्यापीठात कॅटमलने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेतला, त्यावर बहुभुज आखले आणि त्यांचे कोपरे मोजून संगणकात भरले. पडद्यावर त्या हाताची बोटं मिटली, उघडली.

वळण्याचा प्रश्न मात्र बाकी होता. वळणं तीन कोनांत लिहिलं, की काही स्थितींत दोन अक्ष एकावर एक येतात आणि एक दिशाच हरवते. दोन पोझमधल्या फ्रेम संगणकाने भरल्या, की मान वाकडीतिकडी जाते. याचं औषध फार जुनं निघालं. १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये कालव्याकाठी चालताना हॅमिल्टनला चार आकड्यांची संख्या, क्वाटर्नियन, सुचली. सूत्र त्याने चाकूने पुलाच्या दगडावरच कोरलं. १९८५ मध्ये शूमेकने ते ॲनिमेशनमध्ये आणलं, आणि दोन पोझमधलं वळण जवळच्या वाटेने, एकाच वेगाने होऊ लागलं. आज आमच्या लॅबमधला नंदी मान वळवतो, तो याच हिशोबाने.