मोठ्या ऑफ-रोड टायरांसाठी बर्फ-साखळ्यांची निवड

बर्फाने किंवा गोठलेल्या पाण्याने झाकलेल्या रस्त्यावर चाकांची पकड टिकावी म्हणून टायरभोवती पोलादी साखळी बसवतात. हिलाच स्नो चेन किंवा नुसते ‘चेन’ म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातील कॅनस्टोटा गावच्या हॅरी वीड यांनी १९०४ साली अशा साखळीचे पेटंट घेतले. मूळ कल्पना आजही तीच आहे: टायरच्या आतून एक आणि बाहेरून एक अशा दोन बाजूच्या साखळ्या, आणि त्यांना जोडत रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून जाणाऱ्या आडव्या साखळ्या. कंपनीने दिलेल्या मापाचे टायर असतील, तर गाडीची पुस्तिका पाहून साखळी घेता येते. मात्र ज्या पिकअप ट्रकला मालकाने ३३, ३५ किंवा ३७ इंची ऑफ-रोड टायर चढवले आहेत, त्याला पुस्तिकेतील सल्ला लागू पडत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत असे ट्रक पुष्कळ आहेत.

पहिली अडचण मापाची. टायरवर ३५×१२.५०आर१७ असे लिहिलेले असेल तर बाहेरचा व्यास ३५ इंच, रुंदी साडेबारा इंच आणि रिम १७ इंची. ३१५/७०आर१७ (रुंदी ३१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के) हा टायरही बाजारात ‘पस्तिशी’च म्हणून विकला जातो, पण हिशेब केला तर त्याचा व्यास साडेचौतीस इंचांच्याही किंचित खाली भरतो. व्यासात एक इंच फरक पडला की परिघात सुमारे ८ सेंटिमीटर फरक पडतो, आणि तेवढ्यात घट्ट बसणारी साखळी ढिली होते. शिवाय नक्षी १० मिलिमीटर झिजली की व्यास २० मिलिमीटरने घटतो. म्हणून साखळी उत्पादकाच्या तक्त्यात आपल्या टायरचा पूर्ण आकडा असेल तरच ती घ्यावी. ‘पस्तीस इंची’ एवढ्या माहितीवर खरेदी करू नये. रुंदीही तितकीच महत्त्वाची आहे. आडव्या साखळ्या तोकड्या पडल्या तर बाजूच्या साखळ्या वर ओढल्या जाऊन टायरच्या खांद्यावर येतात. त्या फार लांब असल्या तर बाजूच्या साखळ्या घसरून रिमला घासतात.

त्याहून मोठा प्रश्न जागेचा आहे आणि निवडीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. टायर मोठा झाला की मडगार्डच्या आतली पोकळी कमी होते. त्यात रिम बाहेर काढलेली किंवा आत घेतलेली असेल, तर टायर आणि सस्पेन्शनचा वरचा हात यांच्यात कधी कधी बोटभरही अंतर उरत नाही. अमेरिकेत साखळ्यांचे या अंतरावरून तीन वर्ग केलेले आहेत. ‘एस’ वर्गाच्या साखळीला नक्षीसमोर किमान ३७ मिलिमीटर आणि बाजूला १५ मिलिमीटर जागा लागते. ‘यू’ वर्गाला ५० आणि २३. ‘डब्ल्यू’ वर्गाला ६४ आणि ३८. मजबूत जाड साखळ्या बहुधा या शेवटच्या वर्गातल्या असतात. मोजमाप स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून घ्यावे, आणि सस्पेन्शन दबल्यावर टायर किती वर येतो तेही धरावे. ब्रेकची नळी कुठून जाते ते हात घालून पाहावे, कारण आडवी साखळी तुटली की तिचे टोक प्रत्येक फेऱ्याला तिथेच आपटते.

मड-टेरेन, म्हणजे चिखलासाठी बनवलेल्या टायरची नक्षी म्हणजे रबराचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद चर. शिडीसारख्या रचनेच्या साध्या साखळीत आडव्या कड्या बरोबर या चरांत जाऊन बसू शकतात. मग साखळी लावूनही रस्त्याला रबरच टेकते. चौकटीची, म्हणजे हिऱ्याच्या आकाराची जाळी असलेली साखळी ठोकळ्यांवरून तिरकी जात असल्याने हा दोष टाळते, शिवाय गाडी आडवी घसरत असतानाही पकड देते. निव्वळ बर्फाच्या कडक थरासाठी कड्यांवर इंग्रजी व्ही आकाराच्या पोलादी पट्ट्या जोडलेली साखळी चांगली. तिला जागा मात्र जास्त लागते आणि मोकळ्या डांबरावर ती रस्ता उखडते. तारेच्या केबल-साखळ्या कमी जागेत मावतात, म्हणून मोह होतो. पण अडीच-तीन टनांच्या ट्रकला खोल बर्फात नेताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

चारही चाकांना साखळी हे उत्तम. दोनच असतील तर पुस्तिका सांगेल त्या, पुढच्या किंवा मागच्या, जोडीला. अनेक फोर-बाय-फोर पिकअपमध्ये पुढे जागा नसल्याने मागचीच परवानगी असते. फक्त पुढे लावल्या तर उतारावर ब्रेक मारताच मागचा भाग फिरू शकतो, फक्त मागे लावल्या तर वळणावर पुढची चाके सरळ निसटतात. टायरमध्ये नेहमीची हवा ठेवूनच साखळी बसवावी. नंतर हवा कमी केली तर ती ढिली पडते. कड्यांना असलेल्या हुकांची उघडी तोंडे टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत. थोडे अंतर जाऊन पुन्हा ताण द्यावा आणि उत्पादकाची वेगमर्यादा पाळावी, जी सहसा ताशी ३० मैल, म्हणजे ५० किलोमीटरच्या आसपास असते.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा ओलांडणाऱ्या आय-८० महामार्गावर, सुमारे २,२०० मीटर उंचीच्या डोनर समिटपाशी, हिवाळ्यात साखळ्यांचे तीन टप्पे लागू होतात. दुसऱ्या टप्प्यात चारही चाकांना स्नो टायर असलेल्या फोर-व्हील गाडीला साखळी लावण्यापासून सूट आहे, पण ती गाडीत असावीच लागते. तिसऱ्यात कोणालाच सूट नाही. ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) छाप आणि पुरेशी खोल नक्षी असली की तिथला कायदा त्याला स्नो टायर मानतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून टाहो सरोवराकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी हे नीट लक्षात घ्यावे: अनेक मड-टेरेन टायरांवर ही छाप असते, पण त्यांच्या घट्ट ठोकळ्यांवर बारीक चिरा फारच कमी असल्याने गोठलेल्या रस्त्यावर ते साध्या हिवाळी टायरपेक्षाही लवकर घसरतात. आपल्याकडे मनालीच्या पुढे बर्फ पडला की फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडल्या जातात, तेव्हाही मोठ्या टायरच्या गाडीला हेच लागू आहे. साखळी घरी, कोरड्या अंगणात एकदा पूर्ण चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवून आणि गाडी काही फूट पुढे-मागे घेऊन मगच डिकीत ठेवावी.