महाभियोग झाला, मग खुर्ची का गेली नाही?

डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर डिसेंबर २०१९ मध्ये महाभियोग झाला, जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा झाला, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा निवडूनही आले. मराठी बातम्या वाचणाऱ्याला हे कोडं वाटतं. महाभियोग झालेला माणूस परत उभा कसा राहतो?

घोळ शब्दातच आहे. आपल्याकडे महाभियोग म्हटलं की पद गेलं, असाच अर्थ कानाला लागतो. भारतीय राज्यघटनेच्या ६१ व्या कलमात राष्ट्रपतींवर एक सभागृह आरोप ठेवतं आणि दुसरं चौकशी करतं. पण दोन्हीकडे एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतं लागतात आणि दुसरा ठराव मंजूर झाला की पद संपतं. दोन्ही पायऱ्या सारख्याच उंच, म्हणून एकच शब्द पुरतो. न्यायाधीशांच्या बाबतीत तर घटना महाभियोग हा शब्द वापरतच नाही, ‘पदावरून दूर करणे’ म्हणते. तिथे महाभियोग आणला तो वर्तमानपत्रांनी.

अमेरिकेत मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाभियोग म्हणजे आरोपपत्र दाखल होणं. ते काम खालच्या सभागृहाचं, म्हणजे प्रतिनिधिगृहाचं. पदावरून काढणं म्हणजे त्या आरोपपत्रावर दोषी ठरवणं. ते काम वरच्या सभागृहाचं, म्हणजे सिनेटचं. पहिल्याला साधं बहुमत पुरतं, दुसऱ्याला हजर सदस्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. तिथल्या राजकीय भानगडी बहुतेक वेळा या दोन आकड्यांमधल्या दरीत अडकून पडतात.

आधी पहिली पायरी. प्रतिनिधिगृहात ४३५ जागा, म्हणजे सगळे हजर असतील तर २१८ मतं. प्रथेप्रमाणे न्यायविषयक समिती चौकशी करते, आरोपांची कलमं लिहिते आणि मग सभागृहात प्रत्येक कलमावर वेगळं मतदान होतं. एक कलम जरी मंजूर झालं तरी महाभियोग झाला. बिल क्लिंटन यांच्यावर चार कलमं आली होती. १९ डिसेंबर १९९८ ला त्यातली दोन मंजूर झाली, खोट्या साक्षीचं २२८ विरुद्ध २०६ आणि न्यायप्रक्रियेत अडथळ्याचं २२१ विरुद्ध २१२. उरलेली दोन पडली. समितीची पायरी सक्तीची नाही. ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉलवरच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीवरच्या, हल्ल्यानंतर समितीला वळसा घालून सातव्या दिवशी, १३ जानेवारीला, ट्रम्प यांच्यावरचं मतदान उरकलं. २३२ विरुद्ध १९७.

साधं बहुमत म्हटलं की हजेरी मोजावी लागते, आणि इथेच फजिती होते. ६ फेब्रुवारी २०२४ ला रिपब्लिकनांनी बायडन यांचे अंतर्गत सुरक्षा मंत्री अलेहांद्रो मायोर्कस यांच्यावर महाभियोग आणला. मतं जुळलीत असा हिशेब होता. ऐन वेळी टेक्ससचे डेमोक्रॅट सदस्य अल ग्रीन रुग्णालयातून थेट सभागृहात आले. अंगावर रुग्णालयातलेच कपडे, पायात नुसते मोजे, बसायला चाकाची खुर्ची. त्यांच्या मताने २१५–२१५ अशी बरोबरी झाली, आणि बरोबरीत ठराव पडतो. मग एका रिपब्लिकन सदस्याने मुद्दाम आपलं मत फिरवलं. जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यालाच फेरविचाराची मागणी करता येते, एवढ्यासाठी. नोंद झाली २१४–२१६. आठवड्याने, १३ फेब्रुवारीला, तोच ठराव २१४ विरुद्ध २१३ असा एका मताने निघाला. ज्याला ‘महाभियोग’ म्हणून आपण बिचकतो, तो कधीकधी एवढ्या बारीक हिशेबावर उभा असतो.

आरोप कशाचा हवा? घटनेत तीन गोष्टी आहेत: देशद्रोह, लाचखोरी आणि ‘इतर मोठे गुन्हे व गैरवर्तन’. या तिसऱ्या शब्दप्रयोगामागे आपला एक ओळखीचा माणूस आहे. सालबाईच्या तहाच्या वेळचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. १७८७ साली फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती, तेव्हाच लंडनमध्ये भारतातल्या कारभारावरून हेस्टिंग्जवर महाभियोग चालू होता. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसन यांनी मुद्दा काढला, की हेस्टिंग्जचा अपराध देशद्रोहात बसत नाही, मग फक्त देशद्रोह आणि लाच लिहून कसं चालेल? त्यांनी ‘गैरकारभार’ हा शब्द सुचवला. दुसरे घटनाकार जेम्स मॅडिसन म्हणाले, एवढा सैल शब्द ठेवला तर अध्यक्ष सिनेटच्या मर्जीवर राहील. तडजोड म्हणून आजचा शब्दप्रयोग आला. गुन्हा फौजदारी कायद्यात बसलाच पाहिजे असं नाही, पण नुसता नालायक कारभारही पुरेसा नाही. मधली जागा कुठे, हा वाद प्रत्येक प्रकरणात नव्याने होतो आणि प्रत्येक पक्ष आपल्या सोयीची रेघ ओढतो. (हेस्टिंग्ज १७९५ मध्ये निर्दोष सुटला. खटला सात वर्षं चालला होता.)

आता दुसरी पायरी. मंजूर कलमं सिनेटकडे जातात. प्रतिनिधिगृहाने नेमलेले काही सदस्य, त्यांना ‘मॅनेजर’ म्हणतात, कॅपिटॉल इमारतीतून चालत जाऊन ती पोहोचवतात आणि पुढे सरकारी वकिलाचं काम करतात. कलमं कधी पाठवायची याची मुदत घटनेत नाही. २०१९ मध्ये सभापती नॅन्सी पेलोसी यांनी ती चार आठवडे आपल्याकडेच ठेवली होती. १८ डिसेंबरला मतदान, १५ जानेवारीला रवानगी.

सिनेटर वेगळी शपथ घेतात. आरोपी विद्यमान अध्यक्ष असेल तर सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश खटल्याच्या अध्यक्षस्थानी बसतात. उपाध्यक्षाला तिथे बसवलं तर आपल्याच बढतीच्या खटल्यात तो पंच होईल, म्हणून ही व्यवस्था. एरवी दिवसभर बोलणारे सिनेटर इथे तोंड बंद ठेवून बसतात. प्रश्न विचारायचा तर कागदावर लिहून द्यायचा, वाचणार अध्यक्षस्थानी बसलेली व्यक्ती. फोन बाहेर. २०२० च्या खटल्यात टेबलावर पाण्याशिवाय फक्त दुधाला परवानगी होती, आणि काही सिनेटर खरोखरच दुधाचा पेला घेऊन बसले होते. शेवटी एकेकाचं नाव पुकारलं जातं, तो जागेवर उभा राहून ‘दोषी’ किंवा ‘दोषी नाही’ एवढंच म्हणतो.

सगळे शंभर हजर असतील तर दोषी ठरवायला ६७ लागतात. काय घडलं आहे ते पाहा. अँड्र्यू जॉन्सन, १८६८. तेव्हा सिनेटर ५४, लागणार होते ३६, मिळाले ३५. सात रिपब्लिकनांनी पक्ष सोडून मत दिलं म्हणून एका मताने अध्यक्ष वाचला. क्लिंटन, फेब्रुवारी १९९९: खोट्या साक्षीवर ४५–५५, अडथळ्यावर ५०–५०. सिनेटमध्ये ५५ रिपब्लिकन असूनही आपलेच सगळे सोबत आले नाहीत. ट्रम्प, फेब्रुवारी २०२०: ४८–५२ आणि ४७–५३. ट्रम्प, फेब्रुवारी २०२१: ५७ विरुद्ध ४३. यात सात रिपब्लिकन दोषी म्हणाले. बहुमत स्पष्ट होतं, तरी दहा मतं कमी पडली. त्या दिवशी ‘सिनेटने बहुमताने दोषी म्हटलं’ आणि ‘ट्रम्प निर्दोष सुटले’ ही दोन्ही वाक्यं खरी होती. कुठल्या वाहिनीने कुठलं वाक्य मथळ्याला घेतलं हे सांगायला नको.

आजवर प्रतिनिधिगृहाने २१ जणांवर महाभियोग आणला. त्यातल्या आठ जणांना सिनेटने काढलं आणि ते आठही न्यायाधीश होते. अध्यक्ष एकही नाही.

याचं गणित सरळ आहे. एका पक्षाकडे ६७ जागा १९६० च्या दशकानंतर कधी आलेल्याच नाहीत. तेव्हा हटवायचं तर समोरच्या पक्षाचे डझनभर तरी फुटले पाहिजेत. फुटणाऱ्याला धास्ती विरोधकाची नसते, स्वतःच्या पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीची असते. जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात ट्रम्पविरोधी मत देणारे दहा रिपब्लिकन होते. २०२२ नंतर त्यातले दोनच सभागृहात उरले. त्या दहांतल्या लिझ चेनी आपल्याच पक्षाच्या मतदारांकडून हरल्या. बाकीच्यांनी तो धडा बरोबर वाचला. त्यामुळे पहिली पायरी दिवसेंदिवस स्वस्त झाली आहे आणि दुसरी होती तिथेच आहे. पहिल्या सुमारे २३० वर्षांत दोनच अध्यक्षांवर महाभियोग झाला, आणि नंतर तेरा महिन्यांत एकावरच दोनदा.

शिवाय खटला उभा राहीलच याचीही हमी नाही. मायोर्कस प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये डेमोक्रॅटांच्या ताब्यातल्या सिनेटने दोन्ही कलमं घटनेला धरून नाहीत म्हणत ५१ मतांनी निकालात काढली. पुरावा नाही, साक्ष नाही. दोषी ठरवायला ६७ लागतात, पण खटलाच गुंडाळायला साधं बहुमत पुरतं. कोर्टात दाद मागायचीही सोय नाही. वॉल्टर निक्सन नावाच्या काढलेल्या न्यायाधीशाने ती मागितली होती. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, खटला कसा चालवायचा हे सिनेटच ठरवणार, आम्ही त्यात पडणार नाही.

तो निक्सन वेगळा. रिचर्ड निक्सन यांच्याबद्दलचा गैरसमज उलट्या बाजूचा. वॉटरगेटमुळे, म्हणजे डेमोक्रॅट पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीच्या प्रकरणामुळे, त्यांच्यावर महाभियोग झाला असं सर्रास लिहिलं जातं. झाला नव्हता. जुलै १९७४ च्या शेवटी समितीने तीन कलमं मंजूर केली, तीही दोन्ही पक्षांच्या मतांनी. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्यायला लावल्या होत्या. ५ ऑगस्टला २३ जून १९७२ ची फीत उघड झाली. घरफोडीनंतर सहाच दिवसांनी निक्सन तपास थांबवायला सीआयएला मध्ये घालायचं ठरवत होते, हे त्यांच्याच आवाजात. ७ तारखेला बॅरी गोल्डवॉटर, ह्यू स्कॉट आणि जॉन ऱ्होड्स हे त्यांच्याच पक्षाचे तीन नेते व्हाइट हाउसमध्ये गेले आणि दोन्ही सभागृहांतली मतं कशी आहेत ते सांगून आले. ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडलं. पूर्ण सभागृहाचं मतदान झालंच नाही. ज्यांच्यावर महाभियोग झाला ते तिघं टिकले, ज्यांच्यावर झाला नाही ते गेले. फरक पडला तो सिनेटमधल्या स्वपक्षीयांच्या मतांमुळे.

दोषी ठरल्यावरही एक मतदान उरतं, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पद जाणं ही दोषी ठरण्याबरोबर आपोआप येणारी शिक्षा. पुढे केंद्राचं कुठलंही पद घ्यायची बंदी मात्र वेगळी मांडावी लागते, तिला साधं बहुमत पुरतं. आठपैकी तिघांवरच ती घातली गेली. फ्लॉरिडाचे न्यायाधीश अल्सी हेस्टिंग्ज (हे दुसरे हेस्टिंग्ज) यांना लाचेच्या आरोपावरून १९८९ मध्ये सिनेटने काढलं, बंदी घातली नाही. १९९२ मध्ये ते निवडून आले ते थेट प्रतिनिधिगृहात, म्हणजे ज्या सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला होता त्याच ठिकाणी. २०२१ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते तिथे होते. क्लिंटन आणि ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगांत मतं द्यायलाही.

तुरुंग आणि दंड या प्रक्रियेत नाहीतच. ते कोर्टाचं काम. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं. तो फौजदारी निकाल, त्याचा सिनेटशी संबंध नाही आणि त्याने निवडणूक लढवायला बंदीही येत नाही. उलट बाजूने, अध्यक्षाचा माफीचा अधिकार फौजदारी खटल्याला थांबवतो, महाभियोगाला नाही. निक्सन यांच्यानंतरचे अध्यक्ष फोर्ड यांनी सप्टेंबर १९७४ मध्ये निक्सन यांना दिली ती फौजदारी माफी.

आणखी दोन शब्द याच गर्दीत मिसळतात. पहिला हकालपट्टी. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सदस्याला महाभियोगाने काढत नाहीत. १७९७ मध्ये सिनेटर विल्यम ब्लाउंट यांच्यावर तो प्रयोग झाला आणि फसला. सदस्याला त्याचंच सभागृह दोन-तृतीयांश मतांनी बाहेर काढतं, जसं १ डिसेंबर २०२३ ला जॉर्ज सँटोस यांना ३११ विरुद्ध ११४ मतांनी काढलं. तिथे वरचं सभागृह, खटला, सरन्यायाधीश काही नसतं.

दुसरा शब्द निंदाठराव. त्याला साधं बहुमत पुरतं आणि अध्यक्षाच्या बाबतीत त्याने काहीच जात नाही, नुसती नोंद होते. क्लिंटन यांच्या वेळी मधला मार्ग म्हणून तो पुढे आला होता, पण मतदानापर्यंत पोहोचू शकला नाही. सिनेटने अध्यक्षावर तो मंजूर केला १८३४ मध्ये, अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर, बँकेच्या ठेवींच्या वादातून, २६ विरुद्ध २० मतांनी. तीन वर्षांत सिनेटमध्ये जॅक्सन यांच्या माणसांची संख्या वाढली. जानेवारी १८३७ मध्ये त्यांनी जुनी कामकाजाची वही सभागृहात मागवली, सचिवाने त्या ठरावाभोवती काळ्या शाईची चौकट आखली आणि वर लिहिलं, सिनेटच्या आदेशाने रद्द.