काच वाहत नाही

युरोपातल्या जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खालच्या बाजूला जाड आढळतात. म्हणजे काच हा संथपणे ओघळणारा द्रव आहे, असं कित्येक वर्षं सांगितलं जातं. मी स्वतः हे वर्गात ऐकलंय. पण ते खरं नाही.

काचेतल्या अणूंची रचना द्रवासारखी विस्कळीत असते, एवढंच त्यातलं तथ्य. पण ते अणू जागच्या जागी जखडलेले असतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या मध्ययुगीन काचेसारखं मिश्रण तयार करून त्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, तपासली. ती आधीच्या अंदाजापेक्षा अब्जावधी पटींनी कमी निघाली. तरीही हिशेब काय आला? १ अब्ज वर्षांत जेमतेम १ नॅनोमीटर! केसाची जाडीसुद्धा त्याच्या हजारो पट असते.

मग जाडी कशामुळे? तेव्हा काच फुंकून, फिरवून पसरवत. तिची जाडी सगळीकडे सारखी येतच नसे. कारागीर बहुधा जड कड खाली बसवत. काही तावदानं तर वरच्या बाजूला जाड आहेत. आणि रोमन काळातली काचेची भांडी दोन हजार वर्षांनंतरही आपला आकार धरून आहेत.