स्त्रियांवरील पुरुषी हिंसेचे वृत्तांकन

पुरुषाच्या हातून मारहाण, बलात्कार, जाळपोळ, ॲसिडहल्ला किंवा खून अशी हिंसा वाट्याला आलेल्या स्त्रीचे जे चित्र बातम्यांतून उभे राहते, त्याचा विचार या विषयात होतो. बातमी कोणत्या शब्दाने सुरू होते, ती कोणाच्या तोंडून सांगितली जाते, तिच्यात कोणाचे वागणे तपासले जाते आणि कोण वाक्यातून नकळत गळून जाते, हे त्यातले मुख्य प्रश्न. प्रश्न जगभर सारखे असले तरी त्यांची उत्तरे भाषेभाषेत वेगळी सापडतात, म्हणून या नोंदीत भर मराठी वृत्तपत्रांवर आहे. काही प्रकरणे अत्याचार सोसलेल्या स्त्रीच्या नावानेच ओळखली जातात. येथे मात्र ती गावाच्या नावाने दिली आहेत. अपवाद एकच आहे आणि त्याचे कारण शेवटी आले आहे.

मथळ्याचे व्याकरण

‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा मराठी वाचकाने इतक्यांदा वाचलेला असतो की त्यावर नजर अडखळत नाही. त्यात शब्द चारच आहेत. चारित्र्य तिचे आहे आणि खूनही तिचा आहे. संशय कोणी घेतला, हत्यार कोणी उचलले, हे ‘पत्नी’ या शब्दावरून आपण ओळखून घ्यायचे. ‘तिचा खून’, ‘तिच्यावर अत्याचार’ अशी नामाची मांडणी केली की मराठीत कर्ता सांगावाच लागत नाही आणि तरी वाक्य पुरे वाटते. ‘संशयी पतीने पत्नीला ठार मारले’ या मथळ्याला जागा फारशी जास्त लागत नाही. त्यात कर्ता पहिल्या ओळीत उभा राहतो. जागेची अडचण हे कारण म्हणूनच पटण्यासारखे नाही.

दुसरी खोच ‘-वरून’ आणि ‘-तून’ यांत आहे. ‘अनैतिक संबंधातून’, ‘कौटुंबिक वादातून’, ‘किरकोळ कारणावरून’, ‘प्रेमप्रकरणातून’ अशी सुरुवात झाली की कृत्याच्या आधी कारण हाती पडते आणि ते कारण बहुधा तिच्याकडे किंवा दोघांच्या नात्याकडे बोट दाखवते. भाजीत मीठ कमी पडले म्हणून मारहाण झाली, असे छापले की मीठ हे मारण्याचे कारण असू शकते, हे बातमीने मान्य केलेले असते.

यातला सर्वांत घातक शब्दप्रयोग ‘एकतर्फी प्रेमातून’ हा होय. १९९० साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षा केंद्रात शिरून एका मुलीला जिवंत जाळण्यात आले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला कामावर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवून दिले गेले आणि सात दिवसांनी नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. तीस वर्षांचे अंतर असूनही दोन्ही घटनांना चिकटलेला शब्द तोच, ‘एकतर्फी प्रेम’. मुलगी नाही म्हणते, तरी तिच्या मागे फिरणे, तिचा नकार हा स्वतःचा अपमान समजणे आणि त्या अपमानाचा सूड घेणे, या सगळ्याला एका मथळ्याने प्रेम ठरवून टाकले. २०१३ पासून भारतीय कायद्यात ‘पाठलाग’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. शब्द हाताशी आहे, पण मथळ्यात तो क्वचितच दिसतो. ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट आल्यानंतर तर जातीबाहेर लग्न केलेल्या मुलींच्या खुनांना ‘अमुक गावात सैराट’ असे मथळे मिळू लागले. बापाने किंवा भावाने थंड डोक्याने केलेला खून त्यामुळे चित्रपटाच्या प्रसंगासारखा वाचला जातो.

शब्द आणि त्यांत दडलेले

जुन्या बातम्यांत ‘अब्रू लुटली’, ‘शीलभ्रष्ट केले’ असे लिहिले जाई. लुटली गेलेली वस्तू तिच्याकडची, म्हणून उणेपणाही तिलाच. ज्याने हे केले त्याच्या अब्रूचा विषय या वाक्यात येतच नाही. कायद्याच्या मराठीतून आलेला ‘विनयभंग’ हा शब्दही त्याच वळणाचा आहे. ‘छेडछाड’ आणि ‘अतिप्रसंग’ यांनी गुन्हा खोडीच्या पातळीवर येतो. १९९४ मध्ये जळगावात अनेक मुलींवर बलात्कार करून, छायाचित्रे काढून त्यांना धमकावल्याचे प्रकरण बाहेर आले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वासनाकांड’ आणि ‘सेक्स स्कँडल’ म्हटले. बलात्कार आणि खंडणी हे दोन्ही शब्द मागे पडले आणि ज्या मुलींनी तक्रार करायची, त्यांच्या माथी ‘कांडातल्या मुली’ ही ओळख बसली. अशा वेळी साक्षीदार पुढे येत नाहीत याचे नवल वाटायला नको.

‘पीडिता’ आणि ‘आरोपी’ या जोडीकडेही नीट पाहायला हवे. ‘पीडिता’ या शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय आहे, तर ‘आरोपी’ तो असेल किंवा ती असेल. जिवंत राहून लढणाऱ्या स्त्रीसाठी मराठीत अजून रुळलेला शब्द नाही. कोणी ‘अत्याचारग्रस्त’ लिहितात, कोणी ‘सर्व्हायव्हर’ तसाच उचलतात.

याच्या उलट टोकाला ‘नराधम’, ‘लिंगपिसाट’, ‘माथेफिरू’ हे शब्द आहेत. ते संतापातून येतात आणि संताप खराच असतो. पण त्यांनी गुन्हेगार माणसांच्या वस्तीबाहेरचा कोणी राक्षस ठरतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक नोंदींत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, मित्र, मालक असे ते लोक. राक्षस शोधणाऱ्या वाचकाला ते दिसत नाहीत.

बातमी येते कोठून

तालुक्याचा वार्ताहर संध्याकाळी पोलीस ठाण्यात जातो किंवा फोन करतो. फिर्याद, प्रेसनोट आणि तपास अधिकाऱ्याचे दोन शब्द यांवर बातमी उभी राहते. खुनाच्या प्रकरणात स्त्री बोलायला उरलेली नसते. दोघांच्या संसाराची हकिकत सांगणारा एकच जण जिवंत असतो आणि तो खुनी असतो. त्याने पोलिसांना सांगितलेले ‘ती फोनवर बोलत बसायची’, ‘तिचे कोणाशी तरी सूत होते’ हे दुसऱ्या दिवशी कारण म्हणून छापले जाते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमाने पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे, आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही हा नियम टिकला आहे. कोर्टात जे पुरावा म्हणून चालत नाही, ते मृत स्त्रीविरुद्ध मात्र वर्तमानपत्रात चालते. तिला उलटतपासणी घेता येत नाही आणि तिच्या बाजूने कोणी खुलासा पाठवत नाही. या नोंदीच्या लेखकाला वृत्तांकनातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

खैरलांजीत तो उघड दिसला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील या गावात एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने मारले. सुरुवातीच्या त्रोटक बातम्यांत आईच्या ‘अनैतिक संबंधां’चा उल्लेख होता. जमिनीचा वाद, जात, आणि मायलेकींनी आधीच्या मारहाणीत दिलेली साक्ष हे सारे नंतर पुढे आले, तेही कार्यकर्ते गावात पोहोचल्यावर आणि नोव्हेंबरात विदर्भात रस्त्यावर उद्रेक झाल्यावर. बलात्काराचा आरोप न्यायालयात टिकला नाही आणि ॲट्रॉसिटी कायद्याची कलमेही लागली नाहीत. पहिल्या महिन्यात कोणी नीट चौकशी केली असती, तर कोणता पुरावा हाती आला असता, हा प्रश्न तेथे काम केलेल्या अनेकांना अजून छळतो. दहा वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, कोपर्डीच्या शाळकरी मुलीवरील बलात्कार आणि खुनाची बातमी राज्यभर पोहोचली. पण थोड्याच दिवसांत तिचा भर मराठा मोर्चांच्या गर्दीकडे आणि ॲट्रॉसिटी कायद्याच्या वादाकडे सरकला.

गोव्यात २००८ साली हणजुणे किनाऱ्यावर एका ब्रिटिश किशोरीचा मृतदेह मिळाला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटले. आईने दुसऱ्या शवविच्छेदनाचा हट्ट धरला, तेव्हा भारतीय आणि ब्रिटिश बातम्यांनी आईच्याच संगोपनाचा निवाडा मांडला. एका आरोपीला उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली.

जुना वाद

मराठीत या टीकेचे मूळ बरेच मागे जाते. १८८१ मध्ये सुरतेत एका ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे ती शिक्षा कमी झाली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’ पत्राने एकूण स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्याला उत्तर दिले. त्या विधवेला या थराला आणणारा पुरुष कोठे आहे, हा त्यांच्या संतापाचा गाभा होता. वर्तमानपत्रातून कर्ता गळतो, हे मराठीत प्रथम त्यांनी दाखवले, असे म्हणायला हरकत नाही. १८९० मध्ये कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. ‘केसरी’ विरोधात आणि ‘सुधारक’ बाजूने लढले. धर्म आणि सरकारचा अधिकार यांवर रकानेच्या रकाने भरले. मुलीच्या शरीरावर झालेल्या जखमेला त्यांत थोडीच जागा होती.

कोणाची बातमी होते

नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ नील्स क्रिस्ती यांनी १९८६ मध्ये ‘आदर्श बळी’ ही कल्पना मांडली. दुबळी, चांगल्या कामाला निघालेली, अनोळखी माणसाच्या तावडीत सापडलेली स्त्रीच समाज सहज बळी म्हणून स्वीकारतो. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला आणि देशभर बातमी झाली. त्याच जागी जुलैअखेरीस एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवर बलात्कार झालेला होता. ते उघड झाले छायाचित्रकार तरुणीने तक्रार केल्यावर, आणि या ऑपरेटर तरुणीच्या वाट्याला त्या मानाने फार थोडी जागा आली. दिल्लीच्या २०१२ च्या तरुणीला ‘निर्भया’, हैदराबादच्या २०१९ च्या डॉक्टरला ‘दिशा’ अशी नावे मिळाली. ऊसतोडणीच्या फडावर किंवा विटभट्टीवर जिच्यावर अत्याचार होतो, तिला असे नाव कोणी देत नाही.

घरातली हिंसा तर बातमी होण्याआधीच विरते. २०२२ मध्ये देशात स्त्रियांवरील गुन्ह्यांच्या ४,४५,२५६ नोंदी झाल्या. त्यांत पती किंवा त्याच्या नातलगांनी केलेली क्रूरता ३१.४ टक्के होती आणि बलात्कार ७.१ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. वर्तमानपत्रात ती शेवटच्या टप्प्यावरच येते: ‘सासरच्या जाचाला कंटाळून विवाहितेची आत्महत्या’. ‘कंटाळून’ या क्रियापदाने वर्षानुवर्षांचा छळ तिच्या मनाच्या थकव्यात जमा होतो.

कायदा आणि ओळख

२६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी म्हटले, नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, अशी त्यामागची कारणे होती. १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि पुढच्या वर्षी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यातून १९८३ मध्ये कायदा बदलला. तेव्हाच भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले आणि बलात्कारित स्त्रीची ओळख छापणे दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरला. ज्या मुलीमुळे हे संरक्षण आले, तिच्या स्वतःच्या नावाला ते कधीच मिळाले नाही. आजही पाठ्यपुस्तकांत खटला तिच्या नावाने शिकवतात.

हे कलम आता दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ७२ वे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: नावच नव्हे, ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नये, मृत स्त्रीचाही नाही. त्याच वर्षी जम्मूतील कठुआ येथे बलात्कार करून ठार मारलेल्या मुलीची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. व्यवहारात चेहरा अंधुक करतात आणि घर, गल्ली, आईचा टाहो तसाच दाखवतात. लहान गावात एवढे पुरते. बातमीसोबतचे रेखाचित्रही ठरलेले असते: गुडघ्यांत तोंड खुपसून कोपऱ्यात बसलेली मुलगी. लाज कोणाला वाटायला हवी, हे त्या चित्राने परस्पर ठरवून टाकलेले असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत स्त्रीच्या चारित्र्याविषयी शंका घेणाऱ्या मजकुरात ओळख देण्यास मनाई आहे, पण परिषद फक्त समज किंवा ताशेरे देऊ शकते आणि वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत.

नवऱ्याने मारलेल्या स्त्रीला या कलमांचे संरक्षण लागूच होत नाही. तिचे पूर्ण नाव, गाव, वय आणि लग्नातला फोटो छापला जातो.

नाव लपवण्याचा अधिकार तिचा आहे, तसा सांगण्याचाही. कायद्याने तिच्या लेखी संमतीला जागा ठेवली आहे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट भागात फेब्रुवारी २०१२ मध्ये चालत्या गाडीत सुझेट जॉर्डन यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. राज्यकर्त्यांनी तक्रार बनावट म्हटली, नाइटक्लबमधून त्या रात्री निघाल्या होत्या याची जाहीर चर्चा झाली. बातम्यांत सव्वा वर्षाहून अधिक काळ त्या ‘पार्क स्ट्रीट पीडिता’ होत्या. जून २०१३ मध्ये त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर येऊन चेहरा दाखवला आणि नाव सांगितले. मार्च २०१५ मध्ये त्या आजाराने गेल्या. डिसेंबरमध्ये तिघांना शिक्षा झाली, तेव्हा निकालाच्या बातम्या त्यांच्या नावानिशी छापल्या गेल्या.