नाइट अँड द सिटी : एका फुटकळ गुंडाचा चित्रपट आणि त्यावरचे मतभेद

लंडनमध्ये घडणारा इंग्रजी कृष्णधवल चित्रपट (१९५०). प्रकार फिल्म न्वार, म्हणजे रात्र, सावल्या आणि गुन्हेगारीत गुरफटलेली माणसे. दिग्दर्शन ज्यूल्स डॅसिन, पटकथा जो आयसिंगर, छायाचित्रण मॅक्स ग्रीन; निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या अमेरिकन कंपनीची. जेराल्ड कर्श यांच्या १९३८ च्या कादंबरीवरून तो घेतला आहे, पण तिच्यातले फारसे काही त्यात उरलेले नाही. चित्रीकरणाआधी आपण ती वाचलीच नव्हती, असे डॅसिन यांनीच पुढे सांगितले. सुरुवातीला टीकेचा धनी झालेला हा चित्रपट आज या प्रकारातल्या उत्तम कृतींमध्ये गणला जातो. तरीही त्याबद्दलचा वाद संपलेला नाही, आणि त्या वादाचे मूळ नायकात आहे.

हॅरी फेबियन (रिचर्ड विडमार्क) हा गुन्हेगारी जगातला अगदी खालच्या पायरीवरचा माणूस. त्याच्याकडे ना टोळी, ना पिस्तूल, ना दरारा. पाकीट सापडल्याचा बहाणा करून पाहुण्यांशी सलगी करायची आणि त्यांना ‘सिल्व्हर फॉक्स’ या क्लबाकडे वळवायचे, ही त्याची रोजीरोटी. खिसा रिकामा, पण डोक्यात सदैव नवी योजना. प्रेयसी मेरीच्या (जीन टियर्नी) घरी शिरल्यावर त्याचा हात आधी तिच्या पर्समध्ये जातो. त्याला श्रीमंतीपेक्षाही ‘कोणीतरी’ व्हायचे असते, आणि त्यासाठी तो मेरीला, क्लबाच्या मालकाला, मालकाच्या बायकोला, एका वृद्ध मल्लाला, सगळ्यांनाच वापरतो.

असा माणूस दीड तास का पाहावा, हा पहिला आक्षेप. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉझ्ली क्राउथर यांनी १९५० मध्ये ही कथा निरर्थक आणि सवंग ठरवली होती. आजही काही प्रेक्षकांना हॅरीची तडफड, ते घामेजलेले हसू, सतत चढलेला आवाज असह्य होतो. उलट बाजूचे प्रेक्षक म्हणतात की विडमार्कने हॅरीला कुठेही गोड केलेले नाही, म्हणूनच त्याची कीव येते. हे दुसरे मत अधिक खरे वाटते. मोठ्या गुंडाच्या पतनात वैभव तरी असते. हॅरीला पडायला उंचीच नाही, आणि ही गोष्ट त्याच्याखेरीज सगळ्या शहराला ठाऊक आहे.

चित्रपटाचा गाभा मात्र कुस्तीत आहे. लंडनमधल्या कुस्तीचा सारा धंदा क्रिस्टोच्या (हर्बर्ट लोम) मुठीत असतो. तो तमाशासारख्या, आधीच ठरवलेल्या लढती लावतो, आणि त्याचे वडील ग्रेगोरियस, जुन्या ग्रीको-रोमन पद्धतीचे मल्ल, त्यामुळे मुलावर संतापलेले असतात. हॅरी हे हेरतो, खऱ्या कुस्तीचा भक्त असल्याचे सोंग आणतो आणि म्हाताऱ्याला आपल्या बाजूला वळवतो. पुढे हॅरीच्याच चिथावणीतून क्रिस्टोचा मल्ल ‘स्ट्रँग्लर’ (माइक मझुर्की) आणि ग्रेगोरियस एकमेकांना भिडतात. गर्दी नाही, तिकिटे नाहीत. सरावाच्या जागेतच दोन भारी देह एकमेकांत अडकतात आणि धापा टाकत राहतात. अखेर म्हातारा मिठी आवळून जिंकतो आणि थोड्याच वेळात मुलाच्या हातांत प्राण सोडतो. चित्रपट न आवडलेले प्रेक्षकही या प्रसंगाची आठवण काढतात. नुरा कुस्ती आणि निकाली कुस्ती यांतला फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला ग्रेगोरियसचा संताप समजावून सांगावा लागत नाही.

ही भूमिका करणारे स्टॅनिस्लॉस झिबिस्को हे खरेच जागतिक कीर्तीचे पोलिश मल्ल होते आणि तेव्हा सत्तरीच्या आसपास होते. भारताशी त्यांचा संबंध जुना. १० सप्टेंबर १९१० रोजी याच लंडनमध्ये त्यांची गामा पैलवानाशी कुस्ती झाली. अडीच तासांहून अधिक वेळ चाललेली ही लढत झिबिस्को बहुतांश जमिनीला चिकटून राहिल्याने बरोबरीत सुटली. पुढच्या आठवड्यात ठरलेल्या लढतीला ते आलेच नाहीत. १९२८ मध्ये पतियाळ्यात पुन्हा गाठ पडली, तेव्हा गामाने त्यांना मिनिटाच्या आत चीत केले. हा इतिहास माहीत असलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरची ती थकलेली, अभिमानी मान निराळीच दिसते.

दुसरा वाद आवृत्त्यांचा. चित्रपट दोन रूपांत प्रदर्शित झाला. अमेरिकन आवृत्तीला फ्रांझ वॅक्समन यांचे संगीत आहे, तर काही मिनिटांनी लांब असलेल्या ब्रिटिश आवृत्तीला बेंजामिन फ्रँकेल यांचे. शिवाय तिचा शेवट सौम्य आहे. फ्रँकेल यांचे संगीत अधिक संयत म्हणून काहींना पसंत पडते. डॅसिन यांनी मात्र अमेरिकन आवृत्ती आपल्या मनातल्या चित्रपटाला जवळची मानली. संकलनावर लक्ष ठेवण्याची संधी त्यांना मिळालीच नव्हती. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडमध्ये अनेकांना काळ्या यादीत टाकले जात होते. डॅसिन यांचेही काम बंद होणार हे दिसत असताना स्टुडिओप्रमुख डॅरिल झॅनक यांनी त्यांना लंडनला धाडले आणि सर्वांत खर्चिक दृश्ये आधी चित्रित करायला सांगितली, म्हणजे मध्येच काढून टाकणे कंपनीला परवडू नये. स्वतः हद्दपारीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने पळणाऱ्या माणसाचा चित्रपट काढला, हे लक्षात घेऊन तो पाहणारे प्रेक्षक आता बरेच आहेत.

मेरीची भूमिका तोकडी आहे, ही तक्रार रास्त आहे. टियर्नी त्या काळात मानसिक आजाराने खचलेल्या होत्या आणि झॅनक यांच्या आग्रहाखातर त्यांना चित्रपटात घेण्यात आले. पात्र कथेत नीट रुजलेले नाही हे जाणवते. त्या मानाने क्लबमालक फिल (फ्रान्सिस सलिव्हन) आणि त्याची पत्नी हेलन (गूगी विदर्स) यांचे कुजलेले लग्न कितीतरी जिवंत उतरले आहे.

सर्वांत जास्त मतभेद शेवटावर आहेत. वडिलांच्या मृत्यूनंतर क्रिस्टोने हॅरीला धरून देणाऱ्यास हजार पौंडांचे बक्षीस लावल्यावर हॅरी रात्रभर ओळखीच्या दारांवर धडकतो, आणि प्रत्येक दारामागे त्याला विकायला तयार असलेला माणूस भेटतो. पहाटे हॅमरस्मिथच्या पुलाजवळ तो मेरीला सुचवतो की तूच मला धरून दे, निदान पैसे तुला मिळतील. ती ऐकत नाही, तेव्हा तिनेच दगा दिल्याचे ओरडत तो मारेकऱ्यांच्या दिशेने धावत सुटतो. काहींना हा त्याचा एकमेव निःस्वार्थ क्षण वाटतो, काहींना आयुष्यातली शेवटची ‘योजना’. विडमार्कच्या चेहऱ्यावर त्या वेळी दोन्ही दिसते. स्ट्रँग्लर त्याला थेम्समध्ये फेकतो, आणि पुलावर उभा असलेला क्रिस्टो हातातली सिगारेट खाली टाकून निघून जातो.